न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : आपला कोण आणि परका कोण?



आपल्या साकोलीत कोणाचे काम कचेरीत, बँकेत किंवा कोर्टात अडकले, म्हणजे घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे जरा आठवून पाहा. कागदपत्रे पुरी आहेत काय, कायदा काय सांगतो, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो, साहेब कोण आहेत? आपल्यापैकी आहेत काय? उत्तर होकारार्थी आले की निम्मे काम झाल्यासारखे वाटते. नकारार्थी आले की काम होण्याआधीच मन खट्टू होते. हा प्रश्न केवळ आपल्याच घरात विचारला जातो असे समजू नका. पलीकडच्या मोहल्ल्यात, दुसऱ्या समाजाच्या ओसरीवर, नेमका हाच प्रश्न विचारला जातो. फक्त तिथे परके म्हणजे आपण असतो.

माझ्या लहानपणी आमच्या बडे अब्बांचा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद होता. निकाल देणारे अधिकारी आपल्याच समाजाचे आहेत असे कळल्यावर घरात मोठा आनंद झाला. निकाल विरुद्ध लागला. त्या दिवशी बडे अब्बा घरी येऊन म्हणाले की तो माणूस आता आपला राहिला नाही. धुरा खरोखर कुठे होता, हे मात्र त्या दिवशी घरात कोणी विचारले नाही. मी तेव्हा लहान होतो, पण ती गोष्ट मनात राहून गेली. पुढे एका थोर पुरुषाचे चरित्र वाचताना ती पुन्हा आठवली. त्याच थोर पुरुषाची ओळख या स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. त्यांचे नाव न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे व्यापारी होते. घराणे मूळचे खंबायतचे, पंथाने सुलेमानी बोहरा. म्हणजे मुसलमानांमध्ये बोहरा थोडे आणि बोहऱ्यांमध्ये सुलेमानी त्याहून थोडे, अशा एका लहानशा जमातीत हे मूल जन्मास आले. तो काळ डोळ्यांपुढे आणा. इंग्रजी शिकले की मुलगा धर्माला मुकतो, अशी आपल्या समाजात अनेकांची प्रामाणिक समजूत होती. साहेबाची भाषा ती परक्याची भाषा, आणि परक्याची भाषा आली की परक्याचे आचारही येणार, असा हिशेब मांडला जाई. मुल्ला तय्यब अली यांनी हा हिशेब मान्य केला नाही. स्वतः धार्मिक वृत्तीचे असूनही त्यांनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी थेट युरोपात पाठवले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले आणि बद्रुद्दीन यांनी बॅरिस्टर व्हावे असे ठरले.

पालकहो, या घरात नमाजही चालू राहिली आणि लॅटिनही आले, हे लक्षात घ्या. मुलाचा धर्म घरातील वळणावर टिकतो, शाळेच्या भाषेने तो जात नाही, हे त्या बापाने ओळखले होते.

बद्रुद्दीन यांचे सुरुवातीचे शिक्षण मदरशात झाले. तेथून ते एल्फिन्स्टन संस्थेत गेले आणि १८६० मध्ये इंग्लंडला रवाना झाले. तेथे त्यांनी लंडन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली व मिडल टेंपलमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू केला. परंतु मध्येच डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी बिघडली की अभ्यास अर्धवट टाकून १८६४ च्या अखेरीस त्यांना मुंबईस परतावे लागले. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन वर्षभराने पुन्हा बोटीवर चढले, राहिलेला अभ्यास पुरा केला आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या शेवटी ते मुंबई हायकोर्टात उभे राहिले. त्या कोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत एक वर्ष वाया गेले म्हणून खचून जाणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

हायकोर्टात तोवर बॅरिस्टर म्हणजे गोरा साहेब, अशीच रीत होती. अशा जागी एका हिंदी माणसाने, त्यातही मुसलमानाने, केवळ अभ्यासाच्या आणि शांत युक्तिवादाच्या जोरावर नाव मिळवले. व्यवसाय वाढला तशी सार्वजनिक कामेही वाढली. १८७३ मध्ये ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद झाले, १८८२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी, म्हणजे एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान, या तिघांनी मिळून १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था उभी केली. त्या काळच्या मुंबईत ही तीन नावे एकत्रच घेतली जात.

आता ज्या प्रश्नाने आपण सुरुवात केली त्याकडे वळू. १८८३ साली देशात एका विधेयकावरून मोठे वादळ उठले. त्याला इल्बर्ट विधेयक म्हणत. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार असावा, एवढीच त्यातली गोष्ट होती. परंतु इकडचे गोरे लोक खवळून उठले. काळ्या माणसाच्या हातून गोऱ्याला न्याय मिळणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. परीक्षा तीच पास केलेली, कायदा तोच, खुर्ची तीच. फक्त बसणारा त्यांच्यापैकी नव्हता. म्हणजे साहेब आपल्यापैकी आहे काय, हा आपल्या ओसरीवरचा प्रश्नच त्या सुशिक्षित, सत्ताधारी लोकांनी विचारला होता. एप्रिल १८८३ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये विधेयकाच्या बाजूने मोठी सभा भरली. तिथे मेहता आणि तेलंग यांच्या जोडीने बद्रुद्दीनही बोलले. पुढे सरकारने माघार घेतली आणि गोऱ्या आरोपीला निम्मे ज्यूरर गोरेच मागता येतील अशी तडजोड झाली. बद्रुद्दीन यांच्या बाजूची ही हारच होती. पण परक्या माणसाच्या न्यायबुद्धीवर केवळ तो परका म्हणून अविश्वास दाखवणे हा केवढा मोठा अपमान असतो, हे त्यांनी जवळून पाहिले. हा अपमान आपण दुसऱ्या कोणाचा करता कामा नये, हेही ते तिथूनच शिकले असावेत, असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहून वाटते.

दरम्यान समाजाच्या शिक्षणाचे काम चालूच होते. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तिच्या स्थापनेत बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन हे दोघे बंधू पुढे होते. मुंबईचा मुसलमान समाज त्या वेळी एकजिनसी नव्हता. कोकणी, मेमन, खोजा, बोहरा, उत्तरेकडून आलेले उर्दू बोलणारे, असे अनेक गट होते. कोणाची भाषा मराठीच्या वळणाची, कोणाची गुजराती, कोणाची कच्छी. प्रत्येकाची जमात वेगळी, विवाहसंबंध वेगळे, आणि आपला-परका हा भेद एकाच कलम्याच्या छायेत ठाण मांडून बसलेला. अंजुमनने १८८० मध्ये आपली पहिली शाळा काढली ती सर्वांच्या मुलांसाठी. एका लहानशा जमातीतला माणूस सर्व जमातींच्या मुलांची काळजी वाहत होता. बोरीबंदर स्टेशनासमोर अंजुमनची जी भव्य इमारत उभी आहे, ती १८९३ मध्ये बांधून पूर्ण झाली. मुंबईस गेलात तर मुलांना ती अवश्य दाखवा.

येथपर्यंतची वाट कष्टाची असली तरी सरळ होती. खरी कसोटी पुढे आली.

१८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. सहाशेहून अधिक प्रतिनिधी आले होते. अध्यक्षपदी बद्रुद्दीन तय्यबजी होते. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले ते पहिले मुसलमान. नेमक्या त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी भाषण करून मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असा सल्ला दिला. सर सय्यद म्हणजे अलीगढ कॉलेजचे संस्थापक. आपल्या समाजात आधुनिक शिक्षणाचा दिवा लावणारा महापुरुष. त्यांचे भय खोटे नव्हते. बहुमताच्या राज्यात थोड्यांचे काय होणार, शिक्षणात मागे पडलेल्यांना जागा कोण देणार, हे प्रश्न त्यांना छळत होते.

१८८८ च्या आरंभी दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. सर सय्यद यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, इतक्या भिन्न धर्मांचे आणि जातींचे लोक मिळून एक राष्ट्र होते असे मला वाटत नाही. मग या सभेला राष्ट्रीय कसे म्हणावे? बद्रुद्दीन यांनी दिलेले उत्तर आपण नीट समजून घेतले पाहिजे. हे सारे भेद नाहीतच, असे ते म्हणाले नाहीत. प्रत्येक समाजाचे स्वतःचे वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांनी मान्य केले. पण काही प्रश्न सर्वांचे मिळून आहेत, त्या प्रश्नांवर एकत्र बसण्यात कोणाचे काय बिघडते, असा त्यांचा सवाल होता. एखादा ठराव मुसलमानांच्या हिताविरुद्ध असेल तर आत बसून त्याला विरोध करावा. बाहेर राहून तो थांबवता येत नाही, असेही त्यांनी कळवले.

नुसते म्हणून ते थांबले नाहीत, तर त्यांनी एक व्यवहारी तोड काढली. ज्या विषयाला हिंदू प्रतिनिधींचा किंवा मुसलमान प्रतिनिधींचा गट जवळजवळ एकमताने हरकत घेईल, तो विषय काँग्रेसने चर्चेलाच घेऊ नये, असा नियम त्यांनी सुचवला. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तशा आशयाचा ठराव मंजूर झाला. पाहा, परस्परांवर विश्वास ठेवा असा नुसता उपदेश त्यांनी केला नाही. ज्याला भीती वाटते त्याची भीती कमी होईल अशी तरतूद त्यांनी आधी करून दिली. वकिलाचे डोके आणि वडीलधाऱ्याचे मन, दोन्ही त्यात दिसतात.

तरीही यश आले काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसे नाही. देशभरातील बहुसंख्य मुसलमान पुढाऱ्यांनी सर सय्यद यांचीच बाजू घेतली. तेव्हा बद्रुद्दीन यांनी १८८८ च्या ऑक्टोबरात काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांना पत्र लिहून सुचवले की, मुसलमानांचा एवढा मोठा भाग विरुद्ध असेल तर निदान पाच वर्षे अधिवेशने स्थगित ठेवावीत. ही सूचना काँग्रेसने स्वीकारली नाही. काहींना ही बद्रुद्दीन यांची माघार वाटते. मला तसे वाटत नाही. आपले बांधव बरोबर येत नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरवून पुढे निघून जाणे सोपे होते. दुसऱ्या बाजूला, बांधव नाराज होतात म्हणून आपले मत गिळून टाकणेही सोपे होते. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. आपले मत त्यांनी बदलले नाही आणि समाजाचा हातही सोडला नाही. अशा माणसाला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

यानंतरची वर्षे महाराष्ट्रात कडवटपणाची गेली. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. पुढच्याच वर्षी पुण्यात मशिदीवरून वाजतगाजत मिरवणूक नेण्यावरून मारामाऱ्या झाल्या. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव वाढत होता आणि बाळ गंगाधर टिळक यांचा ‘केसरी’ घरोघर वाचला जात होता. त्या पत्रातील दंग्यांविषयीच्या लिखाणाने अनेक मुसलमानांची मने दुखावलेली होती. अशा वातावरणात १८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले मुसलमान.

१८९७ साल उजाडले ते प्लेगचे संकट घेऊन. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत, त्याने लोक चिडले होते. २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सरकारचा रोष ‘केसरी’कडे वळला. जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत अटक झाली. त्यांच्यातर्फे जामीन मागण्यात आला. मॅजिस्ट्रेटने तो नाकारला. नंतर हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे अर्ज गेला. रानडे हे महाराष्ट्राचे थोर सुधारक, टिळकांच्याच पुण्यात हयात घालवलेले. पण त्या वेळीही जामीन मिळाला नाही. पुढे खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर, ४ ऑगस्ट १८९७ रोजी तिसऱ्यांदा अर्ज झाला. टिळकांतर्फे बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते आणि न्यायासनावर होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

वाचकहो, क्षणभर थांबून त्या दिवशीचे कोर्ट डोळ्यांपुढे आणा. आरोपी कोण? ज्याच्या लिखाणावर मुसलमान समाजातले अनेक जण नाराज आहेत, तो. न्यायाधीश कोण? मुसलमान, आणि सरकारने नेमलेला. सरकार जामिनाच्या विरुद्ध. समोर नकार देण्याला दोन तयार दाखले. त्यांनी अर्ज फेटाळला असता तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती, आणि आपल्या समाजातही फार कोणाला वाईट वाटले नसते. साहेब आपला नाही, एवढे म्हणून टिळकांचे लोक घरी गेले असते.

न्यायमूर्ती तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. त्यांची विचारसरणी साधी आणि स्वच्छ होती. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहील की नाही, एवढेच जामिनाच्या वेळी पाहायचे असते. आरोपी कोणत्या मताचा आहे, सरकारला तो किती नकोसा आहे, हे पाहायचे नसते. या आरोपीचे समाजातले स्थान पाहता तो पळून जाईल असे मानण्यास आधार नाही. आणि त्याला महिनाभर तुरुंगात ठेवले व पुढे तो निर्दोष ठरला, तर त्या महिन्याची भरपाई कोणी करू शकणार नाही. मोठ्या रकमेचा जामीन आणि हमीदार घेऊन टिळकांना मोकळे करण्यात आले. त्यांना आपल्या बचावाची तयारी करता आली.

कुराण शरीफची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत की, एखाद्या लोकसमूहाविषयीच्या रागाने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नका. मशिदीत ही शिकवण ऐकताना मान हलवणे सोपे आहे. समोर ज्याच्याविषयी राग आहे तो उभा असताना, आणि त्याचे भले-बुरे आपल्या सहीवर अवलंबून असताना ती पाळणे, ही खरी परीक्षा. बद्रुद्दीन तय्यबजी त्या दिवशी या परीक्षेला उतरले. ते मुसलमान असूनही न्यायी होते असे काही लोक कौतुकाने म्हणतात. तसे म्हणू नका. मुसलमान म्हणून जे शिकले, तेच त्यांनी केले.

या खटल्याचा पुढचा भागही मुलांना सांगण्याजोगा आहे. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत नऊ जण होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहा युरोपियनांनी टिळक दोषी असल्याचे सांगितले आणि तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष असल्याचे. पुरावा एकच, युक्तिवाद एकच, पण मते मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे विभागली. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे १९०८ मध्ये टिळकांवर दुसरा राजद्रोहाचा खटला झाला. त्या वेळी न्यायासनावर होते दिनशा दावर. ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागून मिळवला होता, तेच. या वेळी मात्र त्यांनी स्वतः जामीन नाकारला आणि खटल्याच्या शेवटी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. तेव्हा बद्रुद्दीन हयात नव्हते. जामिनाविषयीचे त्यांचे ते मत मात्र वकील मंडळी पुढेही आदराने सांगत राहिली.

आता सांगा, पालकहो, या सर्व प्रकरणात टिळकांचा आपला कोण आणि परका कोण? त्यांच्याच पुण्याचे रानडे ज्या पीठावर होते त्या पीठाने जामीन दिला नाही. एकेकाळचा त्यांचा स्वतःचा वकील पुढे त्यांना शिक्षा देणारा न्यायाधीश झाला. आणि जामीन दिला तो सर्वांत परक्या वाटणाऱ्या माणसाने. रानडे किंवा दावर यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्यांना कायदा जसा दिसला तसा त्यांनी लावला. माझे म्हणणे एवढेच की, साहेब आपल्यापैकी आहे काय, हा प्रश्न विचारून टिळकांच्या माणसांना खरे उत्तर कधीच सापडले नसते.

न्यायासनावर बसल्यावरही बद्रुद्दीन यांनी समाजाच्या शिक्षणाकडे पाठ फिरवली नाही. सर सय्यद यांनी १८८६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी एक परिषद स्थापन केली होती. सर सय्यद १८९८ मध्ये पैगंबरवासी झाले. त्या परिषदेचे अधिवेशन १९०३ मध्ये मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्ष म्हणून बोलावणे आले ते बद्रुद्दीन तय्यबजी यांना, आणि ते गेले. ज्यांच्याशी पंधरा वर्षांपूर्वी जाहीर मतभेद झाला होता, त्यांच्याच व्यासपीठावरून ते समाजाशी बोलले. राजकारणात आपण दोन बाजूंना असू, पण मुलांच्या शाळेच्या कामात एकच आहोत, हे दोन्ही बाजूंनी दाखवून दिले. आज आपल्याकडे एका मशिदीच्या कमिटीत दोन मते पडली की पुढे दहा वर्षे दोन घरांत शादीचा दावतनामा जात नाही. त्या मानाने ही माणसे केवढी मोठी म्हणायची!

त्या व्यासपीठावर त्यांनी गोड बोलून टाळ्या मिळवल्या नाहीत. मुलींना शिकवल्याशिवाय समाज वर येणार नाही, आणि धर्माने सांगितले त्यापेक्षा किती तरी अधिक कडक पडदा आपण बायकांवर लादला आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. अनेकांना ते आवडले नाही. पण बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना शिकवले होते, आणि १९०४ मध्ये त्यांतील दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. दुसऱ्याच्या मुलींबद्दल बोलण्याआधी त्यांनी स्वतःच्या घरात सुरुवात केली होती.

१९०२ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. १९०६ मध्ये रजेवर लंडनला असताना १९ ऑगस्ट रोजी हृदयक्रियेच्या विकाराने त्यांचे अचानक निधन झाले. त्यांचा मृतदेह मुंबईस आणून दफन करण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली आणि १९०९ च्या कायद्याने मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे झाले. देशाचे राजकारण बद्रुद्दीन यांच्या वाटेने गेले नाही, हे खरे आहे. परंतु १९४७ मध्ये जे रक्त सांडले आणि जी घरे उजाड झाली, ती पाहिल्यावर त्यांची वाट चुकीची होती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मित्रहो, आता पुन्हा आपल्या साकोलीकडे येऊ. आपली संस्था मुलांना शिकवते ते कशासाठी? ती मुले उद्या तलाठी होतील, शिक्षक होतील, नर्स होतील, बँकेत बसतील. अल्लाहच्या कृपेने एखादी मुलगी न्यायाधीशही होईल. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे कोणी तरी शेतकरी, कोणी तरी म्हातारी, हातात कागद घेऊन भीत भीत उभी राहील. तिने घरून निघताना विचारलेले असेल, साहेब आपल्यापैकी आहेत काय? आणि तिला उत्तर मिळालेले असेल की नाही, मुसलमान आहेत. ती म्हातारी काम करून घरी परतल्यावर काय सांगेल, ते सर्वस्वी आपल्या मुलावर अवलंबून आहे. तिचा कागद खरा असेल आणि तिचे काम झाले असेल, तर त्या घरात पुढच्या वेळी तो प्रश्न कदाचित विचारला जाणार नाही.

आपल्याला परक्या साहेबाकडून न्याय हवा असतो, आणि तो मागण्याचा आपल्याला हक्कही आहे. कोणी केवळ आपल्या नावावरून आपले काम अडवत असेल तर त्याविरुद्ध कायद्याने भांडले पाहिजे. बद्रुद्दीनही इल्बर्ट विधेयकाच्या वेळी भांडलेच होते. पण हाच न्याय आपण देणाऱ्याच्या खुर्चीवर बसल्यावर परक्याला देतो काय, हे मुलांना घरातच शिकवावे लागेल. सुरुवात लहान गोष्टींपासून करा. दुकानात दुसऱ्या समाजाचे गिऱ्हाईक आले तर वजन तेच ठेवा. मुलांच्या भांडणात आपला मुलगा चुकला असेल तर शेजाऱ्यांसमोर तसे म्हणा. आणि आपल्याच समाजाच्या अधिकाऱ्याने आपल्याविरुद्ध खरा निकाल दिला, तर घरी येऊन मुलांना सांगा की त्याने बरोबर केले.

आमचे बडे अब्बा पुष्कळ वर्षांनी, अगदी उतारवयात, एकदा शेतावर माझ्याबरोबर आले होते. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी काठीने एक जागा दाखवली आणि धुरा खरा इथेच होता, असे कबूल केले. त्या अधिकाऱ्याचा निकालही तेच सांगत होता. तो माणूस आपला होता की परका, हे त्या दिवशी त्यांनी काही सांगितले नाही, आणि मलाही विचारावेसे वाटले नाही.